कॅलेंडरच्या पानावरचा पासवर्ड: वडोदऱ्यातल्या एका घराचे प्रकरण

टीव्हीवर सिनेमे-मालिका दाखवणाऱ्या एका व्हिडिओ सेवेचा पासवर्ड घराबाहेर जाऊन विकला गेला, त्याचे हे प्रकरण. सप्टेंबर २०२४ मधले, वडोदऱ्याच्या दांडिया बाजार भागातले. ओळख पटू नये म्हणून माणसांचे काही तपशील बदलले आहेत आणि लिहिण्याआधी घरच्या सगळ्यांना विचारले आहे. व्हिडिओ सेवा कोणती, ते सांगत नाही. असे कुठल्याही खात्याच्या बाबतीत होऊ शकते.

मी इथल्या एका मराठी मंडळात रविवारी सकाळी ज्येष्ठांना मोबाइल शिकवते. वीजबिल कसे भरायचे, व्हिडिओ कॉल कसा लावायचा, बँकेचा मेसेज खरा की खोटा ते कसे ओळखायचे, असली कामे. या प्रकरणात माझ्याही दोन चुका आहेत. त्या लपवून हे लिहिण्यात अर्थ नाही.

पार्श्वभूमी

माझ्या वर्गाला येणाऱ्या मावशी चौऱ्याहत्तर वर्षांच्या. जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर एकट्या राहतात. मुलगा पुण्यात नोकरीला, लेक इथेच समा भागात, आणि लेकीचा मुलगा वल्लभ विद्यानगरला वसतिगृहात राहून इंजिनिअरिंग शिकतो. मावशींना नाटकाचे वेड. गांधी नगरगृहात मराठी नाटक लागले की यजमान पुढच्या रांगेची तिकिटे काढून आणत. यजमान गेले, पाठोपाठ गुडघेही गेले आणि नगरगृहाच्या पायऱ्या संपल्या.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये मुलाने एका सेवेचे खाते उघडले. एका वेळी चार पडद्यांवर पाहता येईल अशी योजना घेतली आणि पुढे घरी आला तेव्हा आईच्या टीव्हीला जोडून दिली. पैसे त्याच्या कार्डावरून दरमहा आपोआप जायचे. मुलाने आईला दिले, एवढीच सुरुवात. यात कोणाला काही वावगे वाटायचे कारण नव्हते.

पासवर्ड लांबलचक होता. टीव्ही अधूनमधून तो परत विचारायचा, मग मावशी मुलाला फोन लावायच्या आणि तो मीटिंगमध्ये असायचा. २०२४ च्या एप्रिलात एका रविवारी त्या अगदी रडकुंडीला आल्या. "अगं, मला कुठेतरी मोठ्या अक्षरांत लिहून दे ना," म्हणाल्या. मी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, मार्करने लिहून दिला. महिना उलटल्यावर मावशींनी ते पान फाडून फ्रिजवर चिकटवले. ही माझी पहिली चूक.

नियम काय होता

उदाहरण म्हणून नेटफ्लिक्स या व्हिडिओ सेवेचे पाहा. १० मार्च २०१७ रोजी तिने ट्विटरवर लिहिले होते की प्रेम म्हणजे पासवर्ड वाटून घेणे. पाच वर्षांनी, एप्रिल २०२२ मध्ये, त्याच कंपनीने भागधारकांपुढे वेगळा हिशेब मांडला. पैसे भरणारी घरे सुमारे २२ कोटी २० लाख, आणि त्यांच्या खात्यांवर फुकट पाहणारी घरे आणखी १० कोटींहून जास्त. दहा वर्षांहून अधिक काळात पहिल्यांदाच त्या तिमाहीत ग्राहक कमी झाले होते, दोन लाखांनी. मग धोरण फिरले. २० जुलै २०२३ पासून भारतातही एक खाते म्हणजे एक घर, हे बंधन आले. काही देशांत जादा पैसे भरून घराबाहेरच्या माणसाला जोडता येते. भारतात तशी सोय दिली नाही, कारण इथले दर डिसेंबर २०२१ मध्येच उतरवले होते. फोनपुरती योजना १९९ रुपयांवरून १४९ वर आली होती. पुढे ॲमेझॉन प्राइमनेही जानेवारी २०२५ पासून भारतात उपकरणे पाचावर आणि त्यांतले टीव्ही दोनावर आणले.

"घर" म्हणजे काय, ते यंत्र ठरवते. टीव्ही ज्या इंटरनेट जोडणीवर चालतो ते घर. त्या जोडणीवर कधीच न दिसणारे उपकरण आले की सेवा अडवते आणि खातेदाराच्या इमेलवर किंवा फोनवर कोड पाठवते. तो साधारण १५ मिनिटे चालतो.

मावशींच्या घरात यातून एक विचित्र गोष्ट झाली. टीव्ही वाड्यातला, म्हणून घर वाड्यातले ठरले. मुलगा पुण्यात फोनवर पाहायचा, त्यामुळे पैसे भरणारा माणूसच नियमाने परका झाला. "बिल मी भरतो आणि मलाच विचारतात, तू या घरचा का?" हे त्याचे वाक्य त्या दिवसांत मी तीनदा ऐकले. त्याचा राग मला पटतो. आपल्याकडे घर पत्त्यावरून ठरत नाही. सुरतेला, पुण्याला, बोस्टनला पांगलेली माणसेसुद्धा "आमच्या घरी" म्हणतात ती आईच्या स्वयंपाकघराबद्दलच. पण करार करताना आपण ज्या शब्दाखाली "मान्य" दाबले, त्याचा अर्थ पत्ता असाच होता.

अडचण

ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्रीला पूर आला. लेकीच्या तळमजल्यात पाणी शिरले आणि ती, जावई व धाकटी नात वाड्यात राहायला आली. पाणी ओसरून वीज आली तरी भिंती सुकेपर्यंत त्यांचा मुक्काम होता. त्याच दिवसांत मावशींच्या टीव्हीवर संदेश यायला लागला की या खात्यावर एकाच वेळी फार जण पाहत आहेत.

घरात माणसे वाढली म्हणून पडदे कमी पडले, असेच सगळ्यांना वाटले. मावशींनी संकोचून लेकीला सांगितले की जावयांना जरा फोनवर बघणे कमी करायला सांग. जावई काही बोलले नाहीत, पण त्या रात्री ते घराची साफसफाई करायची आहे म्हणून समाला जाऊन तिथेच चिखलात झोपले. पैशांचा हिशेब नंतर लागला. ही गोष्ट मात्र अजून कोणी बोलून दाखवत नाही.

गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी दर्शनाला गेले. मावशींनी टीव्ही लावून दाखवला. त्यांच्या नावाच्या प्रोफाइलवर, अर्धवट पाहिलेल्यांच्या ओळीत, तीन गुन्हेगारी मालिका होत्या. शेजारी एक मराठी नाटक, तेही अर्धवट.

"हे तर मी लावलंच नाही," मावशी म्हणाल्या.

खात्यात शिरून मी जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली. अकरा नावे. एक टीव्ही वाड्यातला, बाकी बहुतेक फोन, गावे निरनिराळी. मी घाबरले आणि "सगळीकडून बाहेर पडा" हे बटण दाबले. ही दुसरी चूक, पहिलीपेक्षा मोठी.

बटण दाबताच ती यादी गेली आणि मी तिचा साधा फोटोही काढला नव्हता. पासवर्ड तोच राहिला होता, म्हणून अर्ध्या तासात सगळे परत आत आले. तो मी तिथल्या तिथे बदलू शकले असते, जुना पासवर्ड समोर फ्रिजवरच होता. पण खाते मुलाचे, त्याला न विचारता पासवर्ड कसा बदलायचा, म्हणून थांबले. बाहेर काढायचे बटण दाबताना मात्र हाच विचार मनात आला नाही. आत बसलेल्यांना सावध केले आणि दार उघडेच ठेवले, असा त्याचा परिणाम झाला. त्या रात्री त्यांच्यातल्याच कोणीतरी खात्याचा इमेल आणि पासवर्ड दोन्ही बदलले. इमेल हातात आला की घराबाहेरचे कोडही त्यालाच मिळणार होते.

इमेल बदलल्याची सूचना मुलाच्या जुन्या इमेलवर आली होती, पण जाहिरातींच्या गर्दीत दोन दिवस न वाचता पडून राहिली.

पासवर्ड कुठून कुठे गेला

हे एका दिवसात उलगडले नाही. क्रम लावला तो असा. एप्रिलमध्ये नातवाने आजीकडे पासवर्ड मागितला. आजीला टाइप करता येईना. लेकीने त्या पानाचा फोटो काढून नातवाला पाठवला. नातवाने खोलीतल्या दोघा मित्रांना तो फोटो तसाच दिला आणि दरमहा शंभर-शंभर रुपये ठरवले. त्याच्या मते ही वर्गणी होती. त्यांच्या मजल्यावर वॉटर कूलरची वर्गणी निघते, तशीच.

घराबाहेरचे म्हणून सेवा कोड मागायची. तो मामाकडे जायचा. नातू मेसेज करायचा, "मामा, एक कोड आला असेल, पाठव ना." मामा पाठवायचा. जून ते ऑगस्टमध्ये असे चौदा कोड गेले. आम्ही नंतर मोजले. कंपनीची यंत्रणा आपले काम करत होती आणि चौदा वेळा खातेदाराला विचारत होती की हा माणूस तुमचा का. खातेदार मीटिंगमध्ये बसून, न वाचता, हो म्हणत होता. या प्रकरणातली सगळ्यांत महत्त्वाची जागा मला ही वाटते. पाचव्या कोडाला जरी त्याने "कोणासाठी रे?" एवढे विचारले असते तरी पुढचे बरेच टळले असते.

दोघा मित्रांपैकी एकाला पैशांची अडचण आली. त्याने एका मेसेजिंग ॲपवरच्या गटात, जिथे असल्या "स्क्रीन" (दुसऱ्याच्या खात्यावर एका पडद्याची जागा) विकल्या जातात, महिना ८० रुपयांना जाहिरात टाकली. नातवाने जाब विचारल्यावर त्याने त्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट पाठवला. पासवर्डचा फोटो कापून लावला होता, पण एक कोपरा राहून गेला होता. त्यात लिहिले होते, "१८ ला दूध नाही." शेजारी माझ्या हातचा सात, मधे आडवी रेघ असलेला. ओट्याजवळ उभे राहून लिहिलेले ते अक्षर अनोळखी माणसांच्या गटात विकायला ठेवलेले पाहिले तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला.

समोर असलेले पर्याय

पितृपक्षातल्या रविवारी, २२ सप्टेंबरला, वाड्यात सगळे बसले. मुलगा पुण्याहून आला होता. मलाही बोलावले. लेकीने आणलेली शेवउसळ टेबलावर तशीच निवत राहिली.

पहिला पर्याय लेकीचा: खाते परत मिळाले आहे, पासवर्ड बदला आणि विषय संपवा. माझ्या मुलाला किती टोचायचे? आई म्हणून तिचे बोलणे मी समजू शकते. पण त्यात नातवाला काही कळलेच नसते.

दुसरा पर्याय जावयांचा: तक्रार करा. सायबर गुन्ह्यांचे राष्ट्रीय पोर्टल आहे, पैशांच्या फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६सी प्रमाणे दुसऱ्याचा पासवर्ड कपटाने किंवा अप्रामाणिकपणे वापरला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. ज्याने इमेल बदलून खाते बळकावले, त्याला हे सरळ लागू पडावे. मुलाने आईला संमतीने दिलेला पासवर्ड त्यात बसणार नाही, कारण त्यात अप्रामाणिकपणा नाही. तो कराराचा भंग असेल आणि त्यावर कंपनी सेवा बंद करू शकते. अडचण मधल्या दोघांची होती. विकणारा मित्र कलमाच्या अगदी जवळ जातो. आणि नातू? खाते त्याचे नव्हते, पैसे त्याने घेतले होते. हे ऐकल्यावर खोलीत कोणी बोलेना.

तिसरा पर्याय मुलाचा, रागाने मांडलेला: खाते बंद. ज्याला पाहायचे त्याने आपापले घ्यावे.

मग नातू म्हणाला, "मामा, पण तू तरी नियम कुठे पाळत होतास? घर तर आजीचं आहे." आवाज चढलेला नव्हता. मुद्दा खोडता येण्यासारखाही नव्हता.

त्यावर बराच वेळ वाद झाला आणि तो चांगला झाला. जावई म्हणाले, नव्वदच्या दशकात या वाड्यात एका केबलवर चार बिऱ्हाडे टीव्ही बघायची, तेव्हा कोणी चोर म्हटले नाही. मावशींनी मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीचे उदाहरण काढले. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये सुरू केलेली ती. यजमान एका कार्डावर पुस्तक आणायचे आणि शेजारपाजारच्या तिघी वाचून परत द्यायच्या. तोही नियमभंगच का?

मला तिथे एक फरक दिसला, तो मी बोलले. पुस्तक दुसऱ्याला दिले की आपल्या हातातून जाते, म्हणून कोणाकडे आहे ते आपण लक्षात ठेवतो आणि परत मागतो. पासवर्ड दिला तरी आपल्याकडे तसाच राहतो. काही गेल्यासारखे वाटत नाही, म्हणून कोणाकडे गेला हे विसरायला होते. घेणारालाही आपण काही घेतले असे वाटत नाही. मुलाने आईला दिलेली परवानगी आईपुरती होती. ती आईने लेकीला, लेकीने नातवाला, नातवाने मित्राला दिली, आणि प्रत्येकाला वाटले की आपण आपलीच वस्तू देत आहोत. मामाला मात्र कोणीच विचारले नाही.

कंपनीचे नुकसान किती, यावर घरात एकमत झाले नाही, माझेही नक्की मत नाही. आईसाठी घेतलेल्या खात्यावर पुण्यात बसून मुलाने एखादा सिनेमा पाहिला तर मी त्याला चोर म्हणणार नाही. ८० रुपयांना स्क्रीन विकणे मात्र वेगळे. नाटक, सिनेमा, मालिका करणाऱ्यांच्या कष्टांवर तिसऱ्यानेच गल्ला मांडायचा, हे मला अजिबात मान्य नाही. मावशी म्हणाल्या, "नगरगृहात एका तिकिटावर दोघं कधी बसलो नाही आम्ही." त्यावर कोणी काही म्हणाले नाही.

काय केले

खाते त्याआधीच, ११ तारखेला, परत मिळाले होते. कार्डाचा तपशील आणि आधीच्या व्यवहारांची माहिती दिल्यावर ग्राहक सेवेने इमेल पूर्ववत केला. दरम्यान मुलाने बँकेच्या ॲपमध्ये जाऊन आपोआप पैसे जाण्याची मंजुरीच थांबवली होती. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते आणि मंजुरी केव्हाही काढून घेता येते. अनेकांना हे माहीत नसते, म्हणून मुद्दाम लिहिते.

तोच पासवर्ड त्याने रेल्वे तिकिटांच्या खात्यालाही ठेवला होता. तोही बदलला.

२२ तारखेला असे ठरले की हे खाते फक्त वाड्यातल्या टीव्हीचे. योजना खालची, आईला एक पडदा पुरतो. मुलाने फोनपुरते वेगळे खाते घेतले, लेकीने आपल्या घरचे. पोलिसांत जायचे नाही, हे मावशींनी ठरवले. जावयांना ते पटले नाही. नातवाने दोघा मित्रांना स्वतः जाऊन सांगायचे आणि पाच महिन्यांत जमवलेले १००० रुपये मामाला द्यायचे. मामाने ते घेतले.

निष्पत्ती

मावशींचा टीव्ही चालू आहे. नव्या पासवर्डचा कागद आता कपाटातल्या दागिन्यांच्या डब्यात आहे आणि टीव्हीने विचारला तर मावशी दार लावून तो काढतात. नातू आणि तो मित्र आता एका खोलीत राहत नाहीत. त्या गटातली जाहिरात, आमच्या पासवर्डची नसली तरी तशाच दुसऱ्यांची, आजही दिसते असे नातू सांगतो.

जावई आणि मावशी यांचे बोलणे दिवाळीत पूर्ववत झाले. मावशींनी त्यांना फराळाच्या ताटावरून, सगळ्यांसमोर, "माझं चुकलं" म्हटले.

वेगळे काय करता आले असते

माझ्या बाजूने आधी. पासवर्ड भिंतीवर लिहायचा नाही, वहीत लिहून वही कपाटात ठेवायची, हे मी आता पहिल्याच रविवारी सांगते. खात्यात परके दिसले तर आधी यादीचा फोटो, मग खातेदाराला फोन, मग खात्याला जोडलेल्या इमेलचा पासवर्ड, मग खात्याचा पासवर्ड, आणि तो बदलतानाच "सगळीकडून बाहेर" ही खूण. बाहेर काढणे सगळ्यांत शेवटी. मी नेमके उलटे केले आणि त्यात तीन दिवस गेले.

मामाने १००० रुपये घेतले, ते मला तेव्हाही खटकले होते आणि अजून खटकते. मी गप्प बसले, कारण घरचा प्रश्न होता. पण खातेदाराने ते पैसे खिशात घातल्यावर नातवाला असे वाटू शकते की विकण्यात चूक नव्हती, रक्कम पोचायला उशीर झाला इतकेच. ते ज्याचे त्याला परत करायला हवे होते, शंभर शंभर करून, समोर उभे राहून.

तक्रारीबद्दल माझे मत दोन्हीकडे ओढते. नातवाचे शिक्षण चालू होते हे खरे, पण विकणारा गट तसाच राहिला.

आणि ८० रुपये देऊन घेणाऱ्यांचा विचार तर आम्ही कोणीच केला नव्हता. तो मावशींनी केला, ऑक्टोबरमधल्या एका रविवारी, वर्ग संपल्यावर. त्यांच्या प्रोफाइलवरचे ते अर्धवट नाटक त्यांनी मधल्या काळात पूर्ण पाहिले होते.

"दुसऱ्या अंकाच्या शेवटाशी थांबलं होतं गं," त्या म्हणाल्या. "कोणीतरी मराठीच असणार. पैसे देऊन बसला आणि तिसरा अंक राहिला त्याचा. त्याला कळवता येईल का काही?"

यादीचा फोटो मी काढला नव्हता. नाही म्हणाले.